थर्मास

निळा थर्मास. झाकणाला पोचा,
पट्टा माझ्या जुन्या दप्तराचा.
सव्वीस वर्षं तो मी भरला
एरंडवण्यात, शेवडेबाईंच्या ओट्यावर,
कार्यक्रमाच्या दिवशी, दुपारी बरोबर तीनला.

आत काय असतं, याबद्दल
पुण्यात तीनच मतं होती,
म्हणजे तशी कमीच.
नारायण पेठेतले वैद्य म्हणत: ज्येष्ठमध, अडुळसा,
आणि एक वस्तू जी ते सांगणार नाहीत.
पेटीवाले आगाशेकाका शपथेवर सांगत: ब्रँडी,
चमचाभर, कच्च्या अंड्यात फेटून.
तिसऱ्या रांगेतल्या एक बाई, दरवर्षी त्याच शालीत,
कुजबुजायच्या, सोनं विझवलेलं पाणी आहे ते.
मला विचारलं की मी
तंबोऱ्याच्या गवसणीची नाडी सोडवत बसायची.

नियम मात्र होते. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला
पेन्सिलीनं, बाईंच्या तिरप्या अक्षरात.
आठ दिवस आधी दही बंद, चिंच बंद.
दाणे नाहीत, साल काढूनसुद्धा नाहीत.
पेरू कुणी दिलाच तर नमस्कार करून परत.
केळ्यानं कफ, दुधानं कफ,
शेजारच्या लेल्यांच्या फोडणीनं ठसका,
म्हणून त्या दिवशी लेल्यांकडेही
बिनफोडणीचं वरण.
चहा अर्धा कप, कोपऱ्यावरच्या अमृततुल्यचा, निवलेला.
डॉक्टर म्हणाले होते, चहानं घसा सुकतो.
बाई म्हणाल्या होत्या, डॉक्टर गातात का?

आणि तरी एकदा.
सगळं पाळलेलं. आठ दिवस. दह्याचा वाससुद्धा नाही.
टिळक रस्त्यावर रिक्षा थांबली
आणि मीटरवरून वाजलं.
बाई भांडल्या. वरच्या पट्टीत, मुद्देसूद,
रिक्षावाल्याला एकही तान घेऊ न देता.
साडेसात रुपये वसूल केले,
मोजून पर्समध्ये ठेवले.
त्या संध्याकाळी पूरियाधनाश्रीत
तीव्र मध्यमावर आवाज फाटला,
जुनी चादर फाटते तसा, मधोमध, जवळजवळ आवाज न होता.
लोक म्हणाले, हवा बदललीये.
विंगेत येऊन त्यांनी थर्मास उघडला,
न पिताच बंद केला.
"दह्याला उगाच नावं ठेवली गं मी," म्हणाल्या.

शेवटच्या आठवड्यात पाणी घोटभरच द्यायचं होतं,
तेही विचारून.
रात्रपाळीच्या नर्सनं एक बर्फाचा तुकडा आणला,
चमच्यावर, घसरत.
मी नको म्हणणार होते. सवयीनं.
बाईंनी आधीच तोंड उघडलं होतं.
डोळे मिटून त्या तो जिभेवर फिरवत राहिल्या,
मला वाटलं, षड्ज शोधताहेत.
"गार आहे," म्हणाल्या.
नव्यानं कळल्यासारखं.

आज माझं गाणं आहे.
कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत, सोसायटीचा हॉल,
साठ खुर्च्या, त्यातल्या वीसेकांना
परवाच्या साखरपुड्याची फीत अजून बांधलेली.
सकाळपासून मी कुणाशी भांडलेले नाही.
वॉचमननं गाडी हलवायला लावली, दोनदा,
मी दोनदा हलवली.

तंबोऱ्यावर शमिका पायगुडे, एकोणीस वर्षांची,
थर्मासकडे देवाकडे बघावं तशी बघते.
"ताई, त्यात नेमकं काय असतं?"
मी झाकणभर ओतून तिच्या हातात दिलं.
खडकवासल्याचं पाणी. नळाचं. उकळून कोमट केलेलं.
त्यात काही नाही. कधीच काही नव्हतं.
तिनं दोन्ही हातांनी धरून, घोट घोट,
अर्ध्यात थांबून घसा चाचपला.
"लगेच मोकळं वाटलं, ताई."

"कुणाला सांगू नकोस," मी म्हटलं
आणि उरलेलं मी प्यायले.
क्लोरीनची थोडी चव होती.
जोड उतरली होती एवढ्यात,
ती लावायला घेतली.